दुखत नाही रे, जळतंय

माझ्या आईला सत्तराव्या वर्षी नागीण झाली. उजव्या कुशीवर लालसर पट्टा उठला, मग पाणी धरलेले फोड आणि खपल्या. तीन आठवड्यांत कातडी स्वच्छ झाली आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. आई मात्र झाली नाही. पदराचा काठ कुशीला लागला तरी ती दचकायची. पंख्याचा वारा सोसवत नाही म्हणून वैशाखात पंखा बंद करून बसायची. भूलतज्ज्ञ होऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती; दुखणं थांबवणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. मी विचारलं, "किती दुखतंय?" ती म्हणाली, "दुखत नाही रे, जळतंय. खाजकुयली चोळून वर निखारा ठेवावा तसं."

मी केसपेपरवर लिहिलं, 'पेन, राइट साइड', आणि डायक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली.

दोन महिन्यांनी तिला डांबरासारखी काळी शौच झाली. जठरात व्रण होऊन त्यातून रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. कुशीतली आग होती तिथंच होती. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं, तिचं वय बघून अगदी कमी मात्रेत, रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. अमिट्रिप्टिलिन. मेडिकलमधल्या पोरानं माझ्याकडे चमकून पाहिलं, कारण त्याच्या लेखी ती नैराश्यावरची गोळी होती. तिसऱ्या आठवड्यात आई पंखा लावून झोपली.

आईनं निदान स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि 'पेन' या एका शब्दात बुडवून टाकलं. हे पुस्तक त्या बुडवलेल्या शब्दातून निघालं आहे. दुखणं एक नसतं, म्हणून दुखण्यावरची गोळीही एक नसते, आणि कुठलं दुखणं आहे हे सांगणारी पहिली तपासणी रुग्णाच्या जिभेवर असते, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

मराठी माणूस मनात आणलं तर नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबत नाही. त्याचा दात ठणकतो, गळू ठसठसतं, कंबरेत उसण भरते, बरगडीत चमक निघते. पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो. पोटरीत गोळा येतो, मांडीपासून घोट्यापर्यंत सणक जाते, तळपायाची आग होते, बोटांना मुंग्या येतात. काटा सलतो, खरचटलेलं झोंबतं, डोळा चुरचुरतो, ताप यायच्या आधी अंग कसकसतं. बाळंतिणीच्या वेणांना तर वेगळाच शब्द. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'गुडघ्याला मुरडा पडला' असं कुणी म्हणत नाही आणि 'पोट चुरचुरतं' असंही नाही. कळ येते आणि जाते, कारण आतडं किंवा मूत्रनलिका यांसारख्या पोकळ अवयवाचे स्नायू पिळतात आणि सैल होतात. ठणका आणि ठसठस सूज सांगतात. आग, मुंग्या आणि सणक हे शब्द बहुतेक वेळा नसेकडे बोट दाखवतात.

मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली रुग्णांच्या तोंडचे असे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना किती आहे याच्या इतकंच ती कशी आहे हेही मोजलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात दहा-दहा वनस्पतींचे पन्नास गट दिले आहेत. त्यांत वेदनास्थापन हा एक गट आहे, शूलप्रशमन हा दुसरा, अंगमर्दप्रशमन तिसरा आणि दाहप्रशमन चौथा. म्हणजे पोटशूळ, अंग मोडून येणं आणि आग होणं यांना एकाच काढ्यात घालायचं नाही, हे ठरवून केलेलं आहे. त्यातली कुठली वनस्पती किती उपयोगी हा आजच्या कसोट्यांवर तपासायचा प्रश्न. पण वर्गीकरणामागची नजर पक्की आहे, आणि माझ्या केसपेपरात तीच नव्हती.

आजचं वैद्यक वेदनेचे ढोबळ तीन प्रकार मानतं. नवख्या वाचकानं एवढा नकाशा हाताशी ठेवला की पुढची वाट सोपी जाईल.

पहिली इजेची वेदना, नोसिसेप्टिव्ह. शरीराच्या एखाद्या भागाला मार बसला, तो भाजला, सुजला, ताणला गेला, आणि तिथल्या शाबूत नसांनी तशी खबर दिली. उंबऱ्याला करंगळी आपटते तो क्षण आठवून पाहा. आधी लख्ख कळ जाते, मग क्षणभर काहीच नसतं, आणि मग खालून संथपणे ठणका चढत येतो. ही खबर दोन वेगळ्या तारांवरून येते. पातळ वेष्टण असलेले तंतू ती सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं नेतात. बिनवेष्टणाचे तंतू जेमतेम मीटरभर. करंगळीपासून पाठीच्या कण्यापर्यंत साधारण एवढंच अंतर आहे, म्हणून दुसरी खबर सेकंदभर मागे राहते. ठेच एकच लागते, पण दुखणी दोन पोहोचतात.

याच प्रकारात आतल्या अवयवांची वेदना येते, आणि ती फसवी असते. अपेंडिक्सचं दुखणं बेंबीभोवती सुरू होतं, पित्ताशयाचं उजव्या खांद्यात उमटतं, हृदयाचं डाव्या हातात किंवा जबड्यात. कारण आतल्या अवयवांच्या आणि कातडीच्या नसा मज्जारज्जूत एकाच वाटेनं शिरतात आणि खबर नेमकी कुठली, याचा मेंदूला नीट उलगडा होत नाही. शब्दांबरोबर देहबोलीही वाचावी लागते ती इथं. मूतखड्याची कळ आलेला रुग्ण गडाबडा लोळतो, कुठल्याच कुशीवर ठरत नाही. आतडं फुटून पोटात विषार पसरलेला रुग्ण ओंडक्यासारखा निश्चल पडून राहतो, कारण हललं की मरण. वॉर्डाच्या दारातूनच हा फरक दिसतो.

दुसरी नसांची वेदना, न्यूरोपॅथिक. इथं खबर देणारी तारच बिघडलेली असते. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग, मधुमेह्याच्या तळपायाची जळजळ, कंबरेतली गादी सरकून नस दाबली गेल्यावर पायात उतरणारी सणक, पाय कापल्यानंतर नसलेल्या पायाचं दुखणं, हे सगळं या घरातलं. आईला पदराचा स्पर्श चटका वाटत होता तो नाजूकपणा नव्हता, ते या वेदनेचं ठसठशीत लक्षण होतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या इथं फारशा चालत नाहीत, कारण उतरवायला सूजच नसते.

तिसरा प्रकार नोसिप्लास्टिक. हे नाव २०१६-१७च्या सुमाराचं. इथं दाखवता येईल अशी इजा नसते, कापलेली नस नसते, पण वेदना जाणवून घेणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचं ओळखीचं उदाहरण. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि बाई तर अंथरुणाला खिळलेली. अशा किती बायकांना आम्ही 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून परत पाठवलं असेल, याचा हिशेब डॉक्टर मंडळींनी कधीतरी मांडायला हवा. प्रत्यक्षात हे तीन प्रकार एकमेकांत मिसळतात. कर्करोगाच्या एकाच रुग्णात गाठीचा ठणका, दबलेल्या नसेची आग आणि आतड्याची कळ एकत्र नांदू शकतात. त्याला तीन औषधं लागली, तर तो नाइलाज नव्हे, शहाणपणा आहे.

हा नकाशा तयार व्हायला सुमारे साडेतीनशे वर्षं लागली. देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ साली छापलेल्या ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. विस्तवाजवळ पाय नेलेला माणूस आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत गेलेला धागा. दोरी ओढली की देवळातली घंटा वाजावी तशी वेदना. हे घंटेचं घराणं फार काळ टिकलं आणि शल्यचिकित्सेच्या अनेक पिढ्यांनी त्याच भरवशावर धागे कापले. काही रुग्णांची घंटा मात्र दोर कापल्यावरही वाजतच राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना उलटं दृश्य दिसलं. इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी विचारल्यावरही मॉर्फीन नको म्हटलं. इथं दोर ओढला गेला होता, पण घंटा वाजत नव्हती. त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे जिवंत घरी परतण्याचं तिकीट होतं. या कोड्याला पहिली शास्त्रीय चौकट दिली ती मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी, १९६५ साली. मज्जारज्जूत एक दार आहे, म्हणाले. इजेची खबर त्या दारातून जाते, पण स्पर्शाची खबर ते लोटून घेऊ शकते आणि वरून मेंदूही त्याला कडी घालू शकतो. कोपर आपटलं की आपण चोळतो, आई पोराच्या गुडघ्यावर फुंकर घालते, ती या दाराची घरगुती वहिवाट. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढं बदलले, पण वेदना नुसती वर पोचत नाही, वाटेत तिची उलटतपासणी होते, ही गोष्ट कायम राहिली.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घ्यायची, ही आपल्याकडची रीत. लाथेनं उतार पडतो यावर शिकलेले लोक हसतात. उसण चार दिवसांत आपली आपण जाते, हे खरंच. पण १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. नुसत्या विश्वासानं, औषध नसलेल्या सुईनं ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांना मॉर्फीनचा परिणाम उतरवणारं औषध देताच तो आराम ओसरला. म्हणजे विश्वासानं शरीरातली स्वतःची अफू जागी केली होती. अफूसारखी ही द्रव्यं मेंदूत असतात हे त्याआधी तीनच वर्षं, १९७५ साली सापडलं होतं. पायाळूच्या लाथेवर मी अजूनही हसतो, पण पूर्वीइतकं मोठ्यानं नाही.

वेदनेला स्वतंत्र शाखेचा मान मिळवून दिला तो जॉन बोनिका यांनी. कोल्हापूरच्या वाचकांना आवडेल असा हा माणूस. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला तो मुखवटा घालून व्यावसायिक कुस्त्या खेळला आणि त्या कुस्त्यांनी मोडलेले सांधे जन्मभर वागवत राहिला. १९५३ साली त्याचा वेदना-उपचारांवरचा ग्रंथ आला आणि १९७३ साली त्याच्या पुढाकारानं वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या विवंचनेचं आणि श्रद्धेचं एकत्रच असतं, हे त्या सांगत आल्या. घंटेच्या आणि दाराच्या पाठोपाठचं हे तिसरं घराणं, आणि या पुस्तकाचा ओढा त्याच्याकडे आहे हे लपवत नाही.

वेदनेच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा इजेशी जोडलेला, किंवा तशा इजेसारखा वाटणारा, संवेदनेचा आणि भावनेचा नकोसा अनुभव मानला आहे. रुग्ण सांगतो ते मानायचं आणि बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं समजायचं नाही, हेही त्यासोबत नोंदवलं आहे. ही दुसरी नोंद माझ्या युक्तिवादाची मर्यादा दाखवते. शब्द ही पहिली तपासणी म्हणावं, तर ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याचं काय? १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना जाणवत नाहीत अशा समजुतीनं त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ साली दाखवलं, की पुरेशी वेदनाशामकं मिळालेल्या बाळांच्या शरीराला शस्त्रक्रियेचा हादरा कमी बसतो. त्यानंतर जगभरची पद्धत बदलली. बोलता न येणाऱ्यांचं दुखणं चेहऱ्यावर, मुठीत, श्वासात वाचायचं असतं, विसरभोळ्या आजोबांचंही.

आता औषधांकडे. वेदनाशामकांचं गोत्र दोन झाडांपर्यंत मागं नेता येतं. एक खसखशीचं, दुसरं विलोचं.

खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक येतो, तो वाळला की अफू. जर्मन औषधविक्याच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण सेर्ट्युर्नरनं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं. वनस्पतीतून शुद्ध रूपात मिळालेल्या पहिल्या प्रभावी द्रव्यांपैकी ते एक. मुंबईचा या झाडाशी जुना संबंध आहे. माळव्याची अफू याच बंदरातून चीनकडे जाई, आणि त्या व्यापारातून मिळवलेल्या पैशाचा वाटा जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानधर्मात, म्हणजे आपल्या जे. जे. रुग्णालयातही, आहे. पुढं गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला बाळागोळी चारून झोपवत, तीही अफूचीच. उपकार आणि अपाय एकाच बोंडात राहतात हे आपल्याला बाहेरून शिकावं लागलेलं नाही.

विलोच्या सालीचा गुण इंग्लंडातल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकानं १७६३ साली रॉयल सोसायटीला कळवला होता. तापावर म्हणून. त्या धाग्यानं जाऊन बायर कंपनीत १८९७ साली अॅस्पिरिन तयार झालं आणि १८९९ साली बाजारात आलं. त्याच कंपनीनं १८९८ साली खोकल्याचं औषध म्हणून हेरॉइन विकायला काढलं होतं. अॅस्पिरिन नेमकं काय करतं हे कळायला मात्र १९७१ उजाडलं. जॉन वेन यांनी दाखवलं, की ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाही. ही द्रव्यं सुजेच्या जागी नसांना हळवं करतात. पण तीच जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी त्याच कुळातली. म्हणून ठणका थांबवणारी गोळी पोटात व्रणही करते. माझ्या आईनं ते भोगलं. पोट वाचवणारी नवी पिढी आली, तेव्हा त्यातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातून मागं घ्यावं लागलं. पॅरासिटामॉल या कुळात धरत नाहीत. ते सूज उतरवत नाही, पण पोटाला सोसतं. मात्र धडधाकट प्रौढानंही दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका, आणि सर्दीच्या, अंगदुखीच्या निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत तेच दडलेलं असतं हे अनेकांच्या गावीही नसतं.

तिसरं कुळ उसनवारीचं. चेहऱ्यावर विजेसारखी लवक मारणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर कार्बमाझेपिन १९६०च्या दशकापासून देतात, ते मुळात फेफऱ्याचं औषध. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिनही त्याच घरातून आली. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन नैराश्याच्या घरातून. बिघडलेल्या तारेचा गोंगाट कमी करणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. प्रीगॅबलिन सात-आठ रुग्णांना द्यावं तेव्हा त्यातल्या एकाला, एरवी पडला नसता असा, निम्म्याहून जास्त उतार पडतो. हे आधीच सांगितलं तर रुग्ण आठवड्यात औषध टाकून देत नाही. चौथं कुळ जागा बधिर करणाऱ्यांचं. १८८४ साली कोकेननं डोळा बधिर केला गेला तिथून सुरू होऊन लिग्नोकेनपर्यंत आलेलं. अर्धशिशीची औषधं, स्नायू सैल करणारी औषधं आणि मिरचीच्या तिखटपणातून निघालेलं कॅप्सेसिनचं मलम यांना पुस्तकात आपापली जागा आहे. ठेचा खाल्ल्यावर जिभेला भाजल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. तिखट आणि उष्णता एकाच कुलपाची किल्ली फिरवतात, हे त्यांनी दाखवलं.

हे पुस्तक आत्ताच का? कारण वेदनेच्या बाबतीत आपला समाज एकाच वेळी अतिरेकात आणि दुष्काळात आहे.

अतिरेक रोज दिसतो. "डॉक्टर, एक सुई मारा" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझी एकही ओपीडी संपली नाही. ऊसतोडीच्या फडात आणि बांधकामावर सकाळची गोळी चहासारखी घेतली जाते. अंगात पाणी कमी, वर ऊन, त्यात ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडाला तिहेरी तडाखा. रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच. सांधेदुखीच्या 'रामबाण' पुड्यांत छुपं स्टेरॉइड निघतं आणि चेहरा चंद्रासारखा गोल झाला की लोक तब्येत सुधारली म्हणतात. या अतिरेकाची झळ माणसांपुरती थांबली नाही. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घट झाली. कारण २००४ साली नक्की झालं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. मलबार हिलच्या पारशी दोखम्यावरचं आभाळही रिकामं झालं. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झालं. सायटिकाला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, गिधाडाच्या चालीवरून. ज्या पक्ष्याचं नाव दुखण्याला दिलं, त्यालाच दुखण्याच्या औषधानं संपवत आणावं, याला काय म्हणावं?

दुष्काळ दिसत नाही, कारण तो बंद खोलीत असतो. जगाला औषधासाठी अफू पिकवून देणारा हा देश, पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कागदपत्रांचं असं जंगल वाढलं, की मॉर्फीनचा वैद्यकीय वापर दशकभरात नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. कर्करोगाचा रुग्ण रात्रभर ओरडतोय आणि गावातल्या डॉक्टरकडे देण्यासारखं काही नाही, हे त्याचं रोजचं रूप. लॅन्सेटच्या आयोगानं २०१७ साली मांडलेल्या हिशेबात भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचतं. २०१४च्या कायदादुरुस्तीनं मॉर्फीनसह सहा औषधांची वाट मोकळी केली, तरी डॉक्टरांच्या मनातली भीती अजून मोकळी झालेली नाही. अमेरिकेत १९९६नंतर ऑक्सिकोडोनच्या बेफाम विक्रीनं जे घडवलं ते त्या भीतीला खतपाणी घालतं. पण तिथला महापूर हा इथल्या दुष्काळावर उपाय नाही, आणि निमित्तही नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून, केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी १९९३पासून, पुण्यात वारज्याचं उपशामक केंद्र १९९७पासून हे काम नीट, हिशेबानं करता येतं हे दाखवत आहेत.

शिवाय आयुष्य वाढलं आहे, मधुमेह घरोघर आहे, म्हणजे सांध्यांचा ठणका आणि तळपायाची आग दोन्ही वाढणार. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०२२पासून स्वतःचं घर मिळालं आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या औषधाला मान्यता मिळाली. ते अफूच्या कुळातलं नाही, सूज उतरवणारंही नाही. नसेतल्या सोडियमच्या एका नेमक्या वाटेवर ते पहारा बसवतं. तूर्त ते शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या ताज्या दुखण्यासाठी आहे. नवी कुळं निघत आहेत, तेव्हा कुठल्या दुखण्याला कुठलं कूळ, हे समजून घेणं आणखी गरजेचं झालं आहे.

पुस्तक काय करू पाहतं, ते आता थोडक्यात. लिहिणाऱ्यांत भूलतज्ज्ञ आहेत, अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, एक फार्मासिस्ट आहे, कर्करुग्णांच्या घरी जाणारी एक परिचारिका आहे आणि दोन रुग्ण आहेत. त्यांची सगळ्यांची मतं जुळत नाहीत. मॉर्फीनवर आणि कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेवर तर चांगलीच जुंपली आहे. ते मतभेद आम्ही घासून गुळगुळीत केले नाहीत. कुठली गोळी किती घ्यावी हे सांगणारं पुस्तक हे नव्हे. ते शोधायला ज्यांनी उघडलं असेल त्यांनी मिटून आपल्या डॉक्टरांकडे जावं. डॉक्टरांशी बोलताना दोन प्रश्न जास्तीचे विचारता यावेत आणि त्यांच्या दोन प्रश्नांना नेमकी उत्तरं देता यावीत, एवढी ताकद वाचकाला मिळावी ही इच्छा. लेखकांना एकच अट घातली होती, 'पेन' हा शब्द एकटा वापरायचा नाही. काहींनी ती शेवटपर्यंत पाळली. काहींच्या मजकुरातून तो मला हातानं काढावा लागला, आणि त्या जागी काय घालायचं हे विचारायला पुन्हा रुग्णाला फोन करावे लागले.

शेवटी दोन पानं कोरी ठेवली आहेत. दवाखान्यात जाण्याआधी तिथं लिहावं. कुठं होतं, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं उतरतं, आणि कसं होतं, आपल्या घरातल्या शब्दात. तो शब्द कागदावर असला, की समोरच्या माणसाला तो सहज बुडवता येणार नाही.

आईचा तो केसपेपर माझ्याकडे अजून आहे. 'पेन, राइट साइड' या ओळीवर मी नंतर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'जळतं'. एवढ्या एका दुरुस्तीला दोन बाटल्या रक्त लागलं.